बेटावरचा सरकारी हातोडा

आमच्या बेटावर पोलीस एकदाच आला. एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालचा भाद्रपद होता. आला तो तीन तासांसाठी, आणि राहिला आठ दिवस.

बेट म्हणजे वैनगंगेच्या मधोमध असलेली उंच जमीन. दोन्ही अंगांनी नदी आणि मध्ये एकवीस घरं. निम्मी गोंडांची, बाकीचे आम्ही ढिवर. उन्हाळ्यात एका बाजूची धार आटते, तेव्हा माणूस गुडघाभर पाण्यातून पलीकडे जातो. पावसाळ्यात डोंगा लागतो. तो डोंगा मी चालवत होतो. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले होते आणि हद्द म्हणून नदी धरली होती. चंद्रपूरचे बाबू म्हणत, तुम्ही गडचिरोलीचे. गडचिरोलीचे म्हणत, तुम्ही चंद्रपूरचे. आमचं त्यावाचून काही अडत नव्हतं. धान होतं, मासे होते, शिंदीची झाडं होती. बाहेरचा माणूस आला की चारी बाजूंना बघून म्हणायचा, "सर्गात राहता बापा तुमी!" आम्ही हो म्हणायचो आणि त्याला संध्याकाळच्या आत परत सोडून यायचो.

त्या वर्षी पोळ्यानंतरच्या पुरात सागाचे सात लठ्ठे वाहून आले आणि बेटाच्या टोकाला झाडांत अडकले. कुठे कापले, कोणी कापले, ते नदीलाच ठाऊक. त्यांच्यावर कसलीच खूण नव्हती. लाकडावर वनखात्याचा शिक्क्याचा हातोडा बसला की ते सरकारचं. हातोडा बसण्याआधी ते कोणाचं, याबद्दल आमच्या गावात प्रत्येकाचं आपापलं मत होतं. मासे धरण्यात पटाईत असलेल्या जंगूच्या घराला दार नव्हतं, बांबूचा तट्टा होता. त्याने एका लठ्ठ्याची लांबी हाताने मोजूनही ठेवली होती.

सोमवारी दुपारी नाकेदार आला. नाकेदार म्हणजे जंगलाचा राखणदार. हरिदास रामटेके त्याचं नाव, राजुऱ्याकडचा, बौद्ध घरातला. त्याच्या घरात सरकारी कपडा अंगावर घालणारा तोच पहिला. बाप मजुरी करता करता गेला होता आणि घरी आई, बायको, दोन मुली त्याच्या पगारावर होत्या. माणूस चांगला होता. डोंग्याची वाट बघत बसला की काडीने वाळूत अक्षरं काढायचा आणि मला म्हणायचा, "वाच, दादाजी." दोन वर्षं अशी गेली. पंचेचाळिशीत मी वाचायला शिकलो ते त्याच्यामुळे. पुस्तकातली अक्षरं नंतर आली. मी आधी वाचली ती लाकडावर हातोड्याने उमटलेली.

डोंग्यात खाकी कपडा बसला की मी वल्हं कडेवर दोनदा आपटायचो. तो गावाला इशारा होता. त्या दिवशी माझ्या मनात लाज आली आणि मी एकदाच आपटलं.

हरिदास म्हणाला, "दादाजी, दोनदा आपटाचं असते ना?"

"तुमाले मालूम हाय?"

"सात वर्षं झाली इथी येऊन राह्यलो. आपट."

मी आपटलं. गावात नेहमी व्हायचं ते झालं. नाकेदार दिसला की कुऱ्हाडी जप्त होतात, असा जुना धडा होता. एक पोरगं घरोघर पळालं, माणसांनी कुऱ्हाडी, करवती, वाकसं गोळा करून दोन पोत्यांत भरली आणि पोती बांबूच्या झुडपात टाकली. डोळ्यांपुढे साग असल्यामुळे घाई जास्त झाली. घाईत विळे गेले, भाजी चिरायच्या पावशी गेल्या, दाराच्या कड्यासुद्धा गेल्या. गावात लोखंड म्हणून उरलं नाही.

हरिदास लालसूच्या घरी उतरला. लालसू गोंडांतला वडीलधारा, गावाचा कारभार त्याच्याकडे. सरकारी माणूस त्याच्याच छपरीत निजायचा, ही रीत होती. हरिदासने हातोडा खांबाला टेकून ठेवला आणि लालसूबरोबर लठ्ठे बघायला गेला. दिवस मावळत आला होता आणि पाऊस होता, म्हणून शिक्के सकाळी मारायचं ठरलं. लालसूच्या घरात तेव्हा वेगळीच धावपळ चालली होती. त्याची सून बुधरी आतल्या खोलीत बाळंत होत होती. आमच्या बायका पाणी घेऊन आत-बाहेर करत होत्या. दिवेलागणीला मुलगा झाला. हरिदासने दोन रुपये ओवाळणी दिली, जेवला आणि निजला.

सकाळी खांबाजवळ हातोडा नव्हता.

हातोडा गेला म्हणजे काय गेलं, ते आधी आम्हाला कळलं नाही. हरिदास ओट्यावर बसून राहिला. चहा निवला तरी पेला उचलेना. मग म्हणाला, "दादाजी, त्या हातोड्यावर माह्या नावचा नंबर हाय. चोराच्या हाती गेला तं अख्खं जंगल सरकारी शिक्क्यानं इकता येते. नोकरी तं जाईनच, वरून केस."

त्याने दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एक रेंजर साहेबांना, एक ठाण्याला. पाणी जरा उतरलं होतं, मी दोन्ही पोचवल्या. रेंजर साहेबांनी तोंडी निरोप दिला : "शनिवारी येतो. हातोडा हातात दिसला तर ठीक. नाही तर त्याला म्हणावं, वर्दीची घडी करून ठेव." ठाण्यातून जमादार वामनराव माझ्याबरोबर निघाले. अंगाने भरलेले, हातात छत्री, कमरेला हातकडी. डोंग्यातून उतरले आणि त्यांनी शिंदीची झाडं, हिरवं धान, वाळूवर पसरलेली जाळी, सगळीकडे नजर फिरवली.

"वा! सर्ग हाय हा," जमादार म्हणाले. "तीन घंट्यात चोर धरतो. मंग मासे खाऊन निंगू."

"मासे आधी खाऊन घ्या जी," मी म्हटलं. नदीचा रंग मला दिसत होता. जमादारांना वाटलं मी आग्रह करतो आहे. दुपारी पाणी चढलं आणि डोंगा मी झाडाला दुहेरी बांधला.

जमादारांनी तपासाची जागा म्हणून लालसूची छपरी घेतली. आतल्या खोलीच्या कुडाला पाठ टेकून ते बसले, कारण तिथे गळत नव्हतं. एकेका पुरुषाला बोलावलं.

"हातोडा कोनं चोरला?"

"मालूम नाई जी."

"लठ्ठ्यावर कोनाची नजर होती?"

"सगळ्याईची जी."

हे उत्तर त्यांनी अकरा जणांकडून घेतलं आणि लिहूनही ठेवलं. लालसूने विचारलं, "साहेब, बायकांले बी बलावू का?"

"बायका काय सांगतीन? मानूस कुठी जाते ते बाईले मालूम नसते."

बुधवारी त्यांनी घरांची झडती घेतली. मडकी उपसली, धानाच्या ढोल्यांत काठ्या घातल्या. हातोडा नाही मिळाला. पण बांबूच्या झुडपात जमादार वेगळ्याच कामाला गेले होते, तिथे त्यांना दोन पोती मिळाली. चौदा कुऱ्हाडी, तीन करवती, बाकी सामान वेगळं. ओली पोती त्यांनी छपरीत ओतली आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"टोळी!" ते म्हणाले. "बल्लारपूरच्या लाकूड डेपोपर्यंत धागे जातीन याचे. कोनाच्या आहेत ह्या कुऱ्हाडी?"

कोणाच्याच नव्हत्या. एका दांड्यावर मात्र तीन खाचा होत्या. त्या जंगूच्या, हे गावच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं आणि एका पोराने ते सांगितलंही. जमादारांनी जंगूला छपरीच्या खांबाला हातकडीने बांधलं.

संध्याकाळी जमादारांनी विचारलं, "आज मासे नाईत का बे?"

"मासे धरनारा तं तुमी बांधला," लालसू म्हणाला.

जमादारांनी थोडा विचार केला आणि किल्ली काढली. जंगू गेला, जाळं टाकलं, दोन बोटव्या घेऊन आला, त्या चुलीपाशी दिल्या आणि खांबाजवळ बसून हात पुढे केले. गुरुवारीही तसंच झालं. शुक्रवारी सकाळी तो स्वतःच म्हणाला, "साहेब, सोडा आता. उशीर झाला तं बोटव्या मिळत नाईत."

हरिदास या दिवसांत वाळला. जंगूला बांधलं तेव्हा तो जमादारांना म्हणाला होता, "यानं नाई घेतला. याले दार पायजे, हातोडा कायले पायजे?" जमादार म्हणाले, "तुमी फिर्यादी. फिर्यादीनं गप रायचं." मग हरिदास रोज लठ्ठ्यांपर्यंत जायचा आणि परत यायचा. गवत पायाने चाचपायचा. गुरुवारी मी त्याच्याबरोबर गेलो. तो म्हणाला, "आईले काय सांगू? तिनं माही वर्दी धुवाले कधी कोनाले दिली नाई."

घरी येऊन मी भागीरथेला हे सांगितलं. भागीरथा माझी बायको. ती ताटात भात वाढत होती. तिचा हात थांबला. मग म्हणाली, "होईन सगळं बरोबर. जेवा." मला वाटलं, ती धीर देते आहे.

शुक्रवारी दुपारी नदी उतरायला लागली. जमादारांनी पंचनामा पुरा केला. चार पानं झाली होती. पंच म्हणून लालसू आणि मी. लालसूने अंगठा पुढे केला. मग जमादारांनी शाईची डबी माझ्याकडे सरकवली.

"मी सही करतो जी," मी म्हटलं.

"सही येते? मंग कर."

"वाचून करतो."

जमादार हसले. "वाच बापा. शनिवारपर्यंत तं होईन?"

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचू लागलो. मला मनातल्या मनात वाचता येत नव्हतं, अजूनही ओठ हलतात. एकेक अक्षर लावत होतो. छपरीत माणसं जमली. पहिलं पान झालं तेव्हा चहा झाला. दुसऱ्या पानावर टोळी होती. तिसऱ्या पानावर मी वाचलं, "गावातील एकूण एकवीस घरांची सर्व खोल्यांसह कसून झडती घेतली."

मी बोट तिथेच ठेवलं. "साहेब, हे तं बरोबर नाई."

"काऊन?"

"वीस घरं झाली. एकविसावं हे. याची तुमी छपरीच पाह्यली. आतली खोली रायली."

"अबे, आत बाळंतीन हाय! बाळंतिनीच्या खोलीत जाऊ का मी?"

"नका जाऊ जी. पन मंग 'सर्व' लिवू नका. मी सही करून राह्यलो, अंगठा नाई."

तेवढ्यात कुडाच्या आतून हसू आलं. एका बाईचं, मग तीन-चार बायकांचं. त्यातलं एक मी ओळखलं.

"भागीरथा, काऊन हासून राह्यली?"

"काई नाई. वाचा तुमी. खूब छान वाचता."

मग दारातला पडदा सरला आणि सुकरी बाहेर आली. सुकरी म्हणजे आमच्या बेटाची सुईण. बेटावरच्या बहुतेक माणसांना आधी तिने पाहिलं आणि मग त्यांच्या आयांनी. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पाच दिस झाले," ती म्हणाली. "एकानं तरी बाईले पुसलं का?"

जमादारांनी पेनाला टोपण लावलं.

"लेकरू आलं तवा बाजेखाली ठेवाले लोखंड पायजे होतं. इळा पाहाले गेली तं इळा नाई. कुऱ्हाड नाई, पावशी नाई. तुमी मर्दाईनं सगळं लोखंड नेऊन लपवलं. मी काय बाजेखाली गाडगं ठेवू? खांबाले हे एक टेकून होतं, तं उचललं."

आमच्याकडे बाळ जन्मलं की बाजेखाली लोखंड ठेवतात. त्याने बाळाला काही बाधत नाही. आणि ठेवलेल्या लोखंडाचं नाव नाळ पडेपर्यंत आपणहून काढत नाहीत. म्हणून कुठल्याही बाईने घरी सांगितलं नव्हतं, माझ्या भागीरथेनेही नाही.

जमादारांनी हळूहळू मान वळवली आणि ज्या कुडाला टेकून ते चार दिवस बसले होते त्याच्याकडे बघितलं. मध्ये बांबू आणि शेण-माती, वीतभर जाडीची. बाज त्या पलीकडेच होती.

हरिदास उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "माय, आत हाय? खरंच आत हाय?"

"हाय. पन निंगत नाई. नाळ पडेपर्यंत ठेवलेलं लोखंड हालवत नाई."

"नाळ कधी पडन?"

"पडन तवा. सोमवार म्हन, मंगळवार म्हन."

"रेंजर साहेब उद्या येतात. उद्या हातात दिसला नाई तं नोकरी जाते, माय."

"आन हालवल्यानं लेकराले काई झालं तं?"

या गोष्टींवर हरिदासचा विश्वास नव्हता, हे मला माहीत होतं. त्याच्या घरात असलं काही मानत नसत. त्याच्याजवळ सरकारी कपडा होता, जमादार होता, आत जाऊन हातोडा ओढून आणायला कोणी अडवलं नसतं. आतून बुधरीने काहीतरी हळू विचारलं, आणि एक बाई म्हणाली, "काई नाई, तू निज."

हरिदास खाली बसला. "राहू दे, माय," तो म्हणाला. "ते लेकरू भेवात ठेवून नोकरी कायले करू? साहेबाले सांगतो, हातोडा हाय पन आज नाई. पायजे ते करोत."

सुकरीचा आवाज बदलला. "बदली देता येते," ती म्हणाली.

सगळे एकदम उठले. समोर चौदा कुऱ्हाडींचा ढीग पडला होता. लालसूने सगळ्यात जड कुऱ्हाड उचलली. सुकरीने मान हलवली.

"कुऱ्हाड नाई चालत. सरकारी लोखंड काढाचं तं सरकारीच ठेवा लागन. लेकराले बी कळते." आणि तिने जंगूच्या मनगटांकडे बोट दाखवलं. "ते द्या."

"हातकडी?" जमादार ओरडले. "अवो बाई, ते ठान्याचं हाय! ते माह्या नावावर हाय!"

"आत हाय ते बी याच्या नावावर हाय," सुकरी म्हणाली.

"मी नाई देत."

हरिदास शांतपणे म्हणाला, "नका देऊ, वामनराव. मंग पंचनाम्यात लिवा, हातोडा कुठी होता ते. जिथी तुमी पाठ टेकून बसले, तिथून एका हातावर. दादाजी वाचून सही करन."

मी बोट तिसऱ्या पानावरच ठेवलं होतं. जमादारांनी माझ्या बोटाकडे बघितलं. मग किल्ली काढली.

हातकडी आत गेली आणि हातोडा बाहेर आला. त्याला हळद लागली होती. हरिदासने तो दोन्ही हातांनी घेतला आणि आपल्या सरकारी शर्टाने पुसला.

जंगूने मनगटं चोळली. "आता मी घरी जातो," तो म्हणाला. "मासे दुसऱ्याले सांगा."

चार पानं जमादारांनी चुलीत घातली. नवा पंचनामा अर्ध्या पानाचा झाला : हातोडा गावातच होता, नजरचुकीने दिसला नाही, चोरी झाली नाही, फिर्यादीची तक्रार नाही. मी सगळं वाचलं. त्यात खोटा शब्द नव्हता. सही केली. चोरी झाली नाही म्हटल्यावर टोळीही राहिली नाही, आणि ज्याने त्याने आपापली कुऱ्हाड ओळखून नेली. ज्या कुऱ्हाडी बुधवारी कोणाच्याच नव्हत्या त्यांतली एकही मागे उरली नाही.

शनिवारी सकाळी रेंजर साहेबांना मी आणलं. खाकी कपडा होता, मी वल्हं दोनदा आपटलं. हरिदास काठावर उभा होता, हातोडा खांद्यावर. साहेबांनी हातोडा हातात घेऊन नंबर बघितला आणि परत दिला. वर्दीचा विषय काढला नाही. मग सगळे बेटाच्या टोकाला गेले. हरिदासने घाव घातले, एकेका लठ्ठ्यावर एकेक. अक्षरं उमटली, मी ती वाचली.

साहेब म्हणाले, "चिठ्ठीत सात लिहिले होते. हे सहा आहेत."

हरिदासने मोजले. "सहाच आहेत, साहेब."

"सातवा?"

"पूर होता, साहेब."

नदी आदल्या दुपारपासून उतरत होती. साहेबांनी नदीकडे बघितलं, हरिदासच्या वाळलेल्या तोंडाकडे बघितलं आणि वहीत सहा लिहिलं.

परत निघताना त्यांनी जमादारांना विचारलं, "वामनराव, चोरी नाही म्हणता, तर चला. डोंग्यात जागा आहे."

"थोडा तपास बाकी हाय," जमादार म्हणाले, आणि कुडाला पाठ टेकून बसले.

नाळ मंगळवारी पडली. तोवर जमादार रोज सकाळी सुकरीला विचारायचे, "बाई, पडली का?" सुकरी म्हणायची, "घाई करू नका जी, लेकरू हाय." गावच्या सगळ्या बायकांशी त्यांची ओळख झाली. बोटव्या मिळाल्या नाहीत, झिंगे खावे लागले. स्वर्ग हा शब्द त्यांनी पुन्हा काढला नाही.

मंगळवारी दुपारी सुकरीने हातकडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मोजून घेतल्यासारखी दोन्ही बाजूंनी बघितली, कमरेला अडकवली आणि डोंग्यात बसले. घाटावरून जंगूचं घर दिसतं. तट्टा गेला होता. त्या जागी सागाच्या फळ्यांचं दार होतं, अजून ओलं, कुऱ्हाडीचे घाव दिसणारं.

जमादारांनी ते पाहिलं. "दादाजी," ते म्हणाले, "त्या घराले दार कवा लागलं?"

मी वल्हं पाण्यात उभं धरलं. डोंगा थांबला. "तपास कराचा असन तं वळवतो जी. पन पानी संध्याकाळी चढन असं वाटते."

जमादारांनी छत्री उघडली आणि बेटाकडे पाठ केली.

"वल्हव," ते म्हणाले.